माळ्यावरचं फॉइल आणि आईचे आकडे

सोलापूरच्या भवानी पेठेतलं आमचं घर रस्त्यावरून बघणाऱ्याला दोन मजली वाटतं. प्रत्यक्षात ते एकमजलीच आहे. वरचा मजला म्हणून जे दिसतं तो माळा. खाली बाहेरची खोली, आईची खोली आणि स्वयंपाकघर. त्यांच्यावर लाकडी फळ्यांची तक्तपोशी. तक्तपोशीच्या वर कमरेत वाकून उभं राहता येईल एवढी पोकळी, आणि त्या पोकळीवर पत्रे. हे पत्रे मार्चपासून तापायला लागतात. एप्रिलमध्ये भर दुपारी ते मधूनच टण् असा आवाज करतात आणि नव्या पाहुण्याला वाटतं, कुणी दगड मारला. मे महिन्यात एकदा मी स्टुलावर चढून तक्तपोशीच्या फळीला खालून हात लावला होता. तो तसाच लगेच काढून घेतला.

मी एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. प्राध्यापक येतात, बदलून जातात, निवृत्त होतात. कुठलं भिंग कुठल्या कपाटात आहे आणि कुठला तापमापक अर्धा अंश जास्त दाखवतो, हे मात्र मलाच ठाऊक असतं. माझी आणखी एक ख्याती आहे. मुलं प्रयोग न करताच वहीत आकडे लिहितात, ते मी पहिल्या पानावर ओळखतो. खरे आकडे वेडेवाकडे येतात. खोटे आकडे शाळेच्या प्रार्थनेला उभे राहिल्यासारखे एका रांगेत येतात. वीस वर्षांत मला या बाबतीत कुणी फसवलेलं नाही, असं मी सांगत असे. हल्ली सांगत नाही.

घरात आई आणि मी, दोघंच. वडील गेले त्याला बरीच वर्षं झाली. माझं लग्न जमलं नाही, ते प्रकरण वेगळं आहे आणि त्यात माझ्या स्वभावाचा वाटा मोठा आहे असं ताईचं म्हणणं. ताई माझी मोठी बहीण, पुण्यात असते. तिच्या फ्लॅटला पूर्वेकडून वारा येतो, हे ती दर फोनला सांगते.

आई चादरींच्या दशांना गाठी मारते. मागावरून चादर उतरली की दोन्ही टोकांना सुटे धागे लोंबत असतात. त्या दशा. सात-आठ धागे एकत्र पिळून त्यांना गाठ मारत जायचं, म्हणजे चादर उसवत नाही आणि गोंडेही दिसतात. आमच्या पेठेत हे काम बाया घरी बसून करतात. पण आमच्या गल्लीतल्या चार बाया आपापल्या घरी न बसता आईच्या खोलीत येतात. दुपारी एकला जमायचं, चारला उठायचं. मधे चादरींचा ढीग, भोवती बाया, आणि त्यांच्यात सगळ्यांत जास्त बोलणाऱ्या समोरच्या घरातल्या आक्का. आक्कांच्या घरात तेलुगू बोलतात. आमच्याशी बोलतात ते मराठी, रागावल्या की पुन्हा तेलुगू. या तीन तासांत कुणाच्या सुनेचं काय चाललंय इथपासून पाणी उद्या येणार की परवा इथपर्यंत सगळ्याचा निकाल लागतो. आईला सत्तरी उलटून गेली आहे, गुडघे गेलेत, बाजाराला ती जात नाही. तिला जे काही जग उरलंय ते दुपारी एकला तिच्याकडे चालत येतं.

गेल्याच्या गेल्या मे महिन्यात ती त्या खोलीत चक्कर येऊन पडली. चादरींच्या ढिगावर पडली म्हणून लागलं नाही. बायांनी उचललं, तोंडावर पाणी मारलं, रिक्षात घालून दवाखान्यात नेलं आणि मग मला फोन केला. सलाईन लागलं. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलंय. मी म्हणालो, ती उन्हात जातच नाही. ते म्हणाले, उन्हात जायची काय गरज आहे, पत्र्याच्या घरात बसलं तरी पुरतं, आणि या वयात दुसऱ्यांदा असं झालं तर मी काही सांगू शकत नाही.

ताई त्याच संध्याकाळी आली. दवाखान्यातच तिने निकाल दिला. "पुढच्या उन्हाळ्यापासून आई माझ्याकडे. कायमची. तू दिवसभर कॉलेजात, घरात माणूस नाही, वरती पत्रा. बोलायचं काय आहे यात?"

आई कॉटवरून म्हणाली, "मी कुटं बी जानार न्हाय."

"तुला विचारत नाहीये मी," ताई म्हणाली. हे ती प्रेमाने म्हणाली होती, पण वाक्य तेच होतं.

मी मधे पडलो. म्हणालो, एक वर्ष दे. खोली गार करून दाखवतो. नाही झाली तर मी स्वतः आईला पुण्याला आणून सोडतो. ताई माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. लहानपणी मी घड्याळ उघडून बसायचो तेव्हा ती अशीच बघायची. शेवटी म्हणाली, "आकडे दाखवायचे मला. नुसतं बोलणं नको."

आता कूलर का नाही, असं कुणीही विचारेल. कूलर आम्ही आणला होता. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं, आणि कूलर ते घटाघटा पितो. शिवाय त्याच्या ओल्या वाऱ्याने चादरी दमट होतात, डाग पडतात, आणि व्यापारी त्या परत पाठवतो. बायांनीच तो बंद केला. एसीचा विचार केला, तर तक्तपोशीच्या फळ्यांमध्ये बोटभर फटी. गारवा आधी माळ्याला आणि मग पेठेला. म्हणजे उष्णता खोलीत आल्यावर तिच्याशी भांडण्यात अर्थ नव्हता. ती वरच अडवायला हवी होती.

उष्णता तीन वाटांनी येते, हे आम्ही मुलांना शिकवतो. वस्तूतून वस्तूत, हवेबरोबर, आणि तिसरी म्हणजे प्रारण, मधे काहीही नसताना सरळ अंगावर येणारी. शेकोटीपासून चार हात लांब बसलं तरी तोंड भाजतं, ती ही. आमचा पत्रा तापून खालच्या फळ्यांवर दिवसभर अशी शेकोटी धरत होता. त्यावर उपाय म्हणजे चकचकीत पृष्ठभाग. बाजारात चंदेरी फॉइलचे रोल मिळतात, गोदामांच्या पत्र्याखाली लावतात ते. मी मार्च लागताच दोन रोल आणले, माळ्यावर चढलो आणि आईच्या खोलीच्या वरच्या फळ्यांवर सतरंजी अंथरावी तसं फॉइल अंथरलं. चकचकीत बाजू वर. माझा हिशेब सरळ होता. उष्णता वरून येते, तर आरशाचं तोंड वर. वायरमनला बोलावून आधी माळ्यावरच्या जुन्या वायरी पाइपात घालून घेतल्या, कारण फॉइलमधून वीज वाहते. म्हणजे हुशारीत मी कुठे कमी पडलो नव्हतो.

फरक लगेच दिसला. चांगला दिसला. दोन्ही खोल्यांत तापमापक लावून मी रविवारभर ताटकळत बसलो. बाहेरच्या खोलीपेक्षा आईची खोली तीन अंशांनी कमी. मी आक्कांना बोलावून दाखवलं. त्यांनी तक्तपोशीला खालून आधी मला हात लावायला लावलं, मग स्वतः स्टुलावर चढून लावला, आणि म्हणाल्या, "लई भारी केलं की ओ तुमी." मी आठवडाभर हवेत होतो.

एप्रिलपासून कॉलेजात परीक्षा. मी सकाळी जायचो तो साडेपाचला यायचो. दोन वाजताचा आकडा बघायला घरी कोण? आई चौथी शिकलेली आहे, आकडे तिला उत्तम येतात. मी प्रयोगशाळेतला एक तापमापक, तो अर्ध्या अंशाचा नव्हे, चांगला, तिच्या खोलीत खिळ्याला टांगला, वाचायला शिकवला, आणि एक जुनी डायरी दिली. रोज दोन वाजता बघायचं आणि लिहायचं.

"आनि हे बगून ताई काय ठरवनार?" आईने विचारलं.

"तू इथं राहायचं की पुण्याला जायचं ते."

"व्हय का," आई म्हणाली आणि डायरी उशीखाली ठेवली.

रोज संध्याकाळी मी आलो की डायरी बघायचो. छत्तीस. छत्तीस. साडेपस्तीस. छत्तीस. बाहेर सोलापूर पेटलेलं, कॉलेजच्या व्हरांड्यात बेचाळीसच्या वर, आणि माझ्या आईच्या खोलीत छत्तीस. मी आलेख काढला. सवयीने काढला, पण अभिमानानेही. रेष अशी सरळ, की तिच्यावर वाटी ठेवली असती तर हलली नसती. दर रविवारी आलेखाचा फोटो ताईला पाठवायचो. ती अंगठा पाठवायची.

रविवारी मी घरी असायचो, हे इथे सांगायला हवं. एका रविवारी दुपारी मी आईच्या खोलीत गेलो आणि म्हणालो, "उकडतंय गं इथं." ती म्हणाली, "तू भाईरून आलायस म्हनून. बाया येत्यात, जा, भाईर बस." माझ्या मानेवरून घाम ओघळत होता. मी तापमापकाकडे न बघताच उशीखालची डायरी घेऊन बाहेरच्या खोलीत आलो आणि उघडली, तर कालचा आकडा छत्तीस. मी अंगाचं ऐकलं नाही, वहीचं ऐकलं.

मे महिन्याच्या मध्यावर एक दिवस दुपारचा पेपर वीज गेल्यामुळे पुढे ढकलला. मी सव्वादोनला घरी आलो. दार नुसतं लोटलेलं होतं. आईच्या खोलीत चार बाया आणि आई. पाचही जणींच्या डोक्यावर ओले टॉवेल. आईचे पाय पाण्याच्या घमेल्यात. कुणी बोलत नव्हतं. आक्कासुद्धा बोलत नव्हत्या, आणि एवढ्यावरूनच मला कळायला हवं होतं. सगळ्यांचे हात दशांवर चालू होते. आईचा चेहरा लाल झाला होता, ओठांना कोरड पडली होती.

मी तापमापक बघितला. एक्केचाळीस.

मग डायरी घेतली. आजचा आकडा लिहिलेला होता, छत्तीस. पान उलटलं, तर उद्याचा लिहिलेला होता. परवाचाही होता, आणि परवा जरा उतरून साडेपस्तीस होणार होता.

मी ओरडलो. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही, आणि आठवतं तेवढं लिहिण्यासारखं नाही. डॉक्टर काय म्हणाले होते, मी ताईला काय तोंड दाखवू, मला मूर्ख बनवलंत, असं बरंच. आक्का उठल्या, काहीतरी तेलुगूत म्हणाल्या, आणि बाकीच्या बाया त्यांच्यामागे निघून गेल्या. चादरी तशाच राहिल्या. आई घमेल्यातून पाय न काढता म्हणाली:

"मग काय लिवायचं व्हतं मी? एक्केचाळीस लिवलं असतं तर तू फोटू काडून पाटवला असतास. ताई गाडी घिऊन दारात उबी. तुमी दोगांनी आकडा मागितला, मी दिला. मला कुनी इचारलं व्हतं का, तुला काय वाटतंय?"

मी तिचे पाय घमेल्यातून काढून पुसले. तिला पंख्याखाली बाहेरच्या खोलीत निजवलं, लिंबू-साखर-मीठ घालून पाणी पाजलं, आणि ती झोपल्यावर शिडी लावून माळ्यावर चढलो. वर श्वास घेणं अवघड होतं. बॅटरी मारली आणि बघत राहिलो. माझं फॉइल कुठे होतं? फळ्यांवर राखाडी, मऊ, बोटाच्या पेरभर काहीतरी अंथरलेलं होतं. हात फिरवला तेव्हा खाली चांदी दिसली.

आमच्या घराला लागून चार मागांचा कारखाना आहे. दोन्हींच्या मधली भिंत पत्र्यापर्यंत जात नाही, वर हातभर फट आहे. माग चालले की सुताची बारीक रुई उडते, ती त्या फटीतून आमच्या माळ्यावर येते आणि खाली बसते. जन्मापासून मी हे बघतोय. दिवाळीला माळा झाडायचं काम लहानपणी माझंच असायचं, आणि दर वर्षी पोतंभर रुई निघायची. पेठेतल्या कुठल्याही शेंबड्या पोराला विचारलं असतं, माळ्यावर आरसा उताणा ठेवला तर काय होईल, तर त्याने सांगितलं असतं. मला सुचलं नाही, कारण मी भौतिकशास्त्र करत होतो.

आणि तेही धड केलं नव्हतं. प्रयोगशाळेत आमच्याकडे एक पत्र्याचा चौकोनी डबा आहे. त्यात उकळतं पाणी ओततात. एक बाजू चकचकीत, एक काळी. कुठली बाजू जास्त उष्णता फेकते ते मुलांनी मोजायचं. दर वर्षी दिव्याची काजळी धरून ती बाजू मीच काळी करतो. चमक गेली की सगळं गेलं, हे माझ्या हातांना वीस वर्षं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली, ओल्या फडक्याने फॉइल पुसलं. खोलीचा पारा उतरला. चौथ्या दिवशी बोट फिरवून बघितलं, तर पुन्हा रुई. रोज माळ्यावर चढून पुसायला मी काही देवळातला पुजारी नव्हतो. फट बुजवायचा विचार केला, पण तिथूनच गरम हवा बाहेर जाते, ती कोंडली तर आणखी पंचाईत.

त्या संध्याकाळी आईनेच आक्कांना बोलावून घेतलं. त्या आल्या, पण माझ्याकडे बघेनात. मी माफी मागितली. मला ते जमत नाही, त्यामुळे फार लांबली. आक्का म्हणाल्या, "बास की आता. त्या कागदाचं काय करायचं सांगा."

मी सांगितलं. फॉइल खाली अंथरायचं नाही. वर पत्र्याखालच्या वाशांना टांगायचं, पत्रा आणि फॉइल यांच्यात चार बोटं जागा सोडून, आणि चकचकीत बाजू खाली.

"खाली?" आक्का म्हणाल्या. "ऊन वरनं येतंय आनि आरशाचं त्वांड खाली?"

मी म्हणालो, "घासलेल्या पातेल्यात चहा जास्त वेळ गरम राहतो की काळ्या पडलेल्या?"

"घासलेल्या."

"कारण चकचकीत भांडं आपली उष्णता बाहेर सोडत नाही. हे फॉइल वरून तापेल, तापू दे. खालची बाजू चकचकीत असली की ते खाली सोडणार नाही. आणि खालच्या बाजूवर रुई बसत नाही. रुई काय उलटी चढून बसणार आहे?"

आक्कांनी थोडा विचार केला. मग आईला म्हणाल्या, "मावशी, आता ह्यो शाण्यासारकं बोलतोय."

टांगायचं कसं, हा प्रश्न होता. वासे जुने, खिळे मारले तर फाटतात. आणि फॉइल नुसतं खिळ्यावर टांगलं तर तेही फाटतं. उपाय बायांनी काढला. मागावरच्या वाया गेलेल्या चादरीच्या लांब पट्ट्या कापल्या, फॉइलच्या कडांना शिवल्या, पट्ट्यांच्या दशा सोडवल्या आणि त्या दशांनी फॉइल वाशांना बांधलं. दर वीतभर अंतरावर एक गाठ, जी त्या रोज शेकड्याने मारतात तीच. दोन दिवस सकाळी सात ते नऊ, पत्रे तापायच्या आत, आक्का आणि दुसरी एक जण माळ्यावर, मी शिडीवर, आई खाली खुर्चीत बसून हुकूम देत. "ढिली हाय ती. मला हितनं दिसतीया." खालून तिला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. आढ्याजवळ आणि कडेला हातभर जागा मोकळी सोडली, गरम हवेला जायला. आक्का खाली उतरल्या तेव्हा त्यांचे केस, भुवया सगळं रुईने पांढरं झालं होतं. आई इतकी हसली की तिला ठसका लागला.

परीक्षा संपल्या होत्या, त्यामुळे त्या दुपारी आणि पुढेही दोनला मी स्वतः बघितलं. बाहेरच्या खोलीत एक्केचाळीस, आईच्या खोलीत सदतीस. दुसऱ्या दिवशी साडेसदतीस. तिसऱ्या दिवशी पुन्हा सदतीस, मग अडतीस, मग साडेछत्तीस. वेडेवाकडे आकडे. तक्तपोशीला हात लावला तर कोमट. सदतीस म्हणजे काही महाबळेश्वर नव्हे. पण डोक्यावरची ती शेकोटी विझली होती. टॉवेल ओले करायचं बंद झालं. बोलणंही सुरू झालं. बाहेरच्या खोलीत दार लावून झोपलो तरी आक्कांचा आवाज यायचा.

ताईला काय कळवायचं, हे मी ठरवत होतो. खरं सांगितलं तर मागचे सगळे आलेख खोटे ठरतात, आणि मग आताच्या आकड्यांवर तरी तिने का विश्वास ठेवावा? मी आज-उद्या करत राहिलो. मे संपायला आला होता. आणि एका दुपारी दीड वाजता दारात गाडी थांबली.

ताई आत आली ती चप्पल काढता काढताच बोलत. "मी वीस वर्षं तुझ्या तोंडून ऐकतेय, खरे आकडे वेडेवाकडे असतात म्हणून. दीड महिना एकच आकडा? सोलापुरात? मेमध्ये? काल रात्री सगळे फोटो एका ओळीत लावून बघितले. आईची बॅग भर."

मी सगळं सांगितलं. उभ्या उभ्या सांगितलं, एक्केचाळीससह. ती ऐकत गेली तसा तिचा चेहरा आणखी कडक होत गेला. सांगून झाल्यावर मी म्हणालो, आता खरंच उतरलंय, तू बघ. ती म्हणाली, "तुमच्या दोघांच्याही शब्दावर माझा विश्वास नाही," आणि आईच्या खोलीत गेली.

खोलीत बायांचे हात थांबले. ताईने तापमापक बघितला नाही. आईच्या समोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, "आई, माझ्याकडे बघ. उकडतंय का?"

मला आईचं पुढचं वाक्य माहीत होतं. दीड महिना ती तेच लिहीत आली होती. मी दारातून तिला काही खूण करणार होतो, पण कसली करायची हे कळेना. गार आहे म्हणाली तर ताईला ते खोटं वाटणार, उकडतंय म्हणाली तर बॅग भरली जाणार.

आईने हातातली गाठ आधी ओढून पक्की केली. मग म्हणाली, "उकडतंय की. मे हाय, उकडनारच. पन बसवतंय. पंदरा दिवसामागं बसवत न्हवतं. तवा मी मरनार हितं, असं वाटायचं मला. पन बोलले न्हाय."

"का नाही बोललीस?"

"बोलले असते तर तू नेलं असतंस."

ताई मागे सरकली. भिंतीला पाठ टेकून बसून राहिली. अर्धा तास बसली असेल. बायांनी हळूहळू पुन्हा दशा हातात घेतल्या. आक्कांनी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला, तो तिने अर्धा रिकामा केला. मधे तिने पदराने कपाळ पुसलं, पण उठली नाही. ड्रायव्हर दारात येऊन विचारून गेला, निघायचं का; तिने हातानेच थांब म्हटलं.

पाचला ती निघाली. बॅग भरलेली नव्हती. चप्पल घालताना आईला म्हणाली, "रोज दुपारी दोनला मला फोन करायचा. आकडा नको. कसं वाटतंय ते सांगायचं. नाही जमलं तर नाही जमत म्हणायचं."

"आनि म्हनलं तर? नेशील?"

ताई वाकून चपलेचा पट्टा लावत होती. तो लागल्यावरही ती तशीच वाकून राहिली. मग म्हणाली, "नाही नेणार. मीच येईन."

आईने मान हलवली. तिला ते खरं वाटलं की नाही, मला सांगता येणार नाही. त्यानंतरचे सहा-सात दिवस तिने दोनला फोन करून "बसवतंय" एवढंच सांगितलं आणि फोन ठेवला. जूनच्या पहिल्या आठवड्यात ढग भरून आले, वारा पडला, आणि घुसमट अशी की पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखं व्हावं. त्या दिवशी आई फोनवर म्हणाली, "आज जमत न्हाय मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई दारात होती. गाडी तिने परत पाठवून दिली होती, आणि हातात तिची स्वतःची बॅग होती.